रुपयांतलं स्टीम की डॉलरमधलं गॉग?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका मित्राने नुकताच पीसी जोडून घेतला आणि विचारलं, पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांपैकी गेम स्टीमवर घेऊ की गॉगवर? माझी दोन्हीकडे लायब्ररी आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी भावाचं बघू. स्टीमवर २०१५ च्या नोव्हेंबरपासून भारतासाठी रुपयांत किमती आहेत. 'स्टारड्यू व्हॅली' अमेरिकेत १४.९९ डॉलरला मिळतो, आपल्याकडे ४८० रुपयांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून कमी. सगळ्याच गेमचं असं नाही. स्टीम चालवणारी कंपनी व्हॉल्व्ह प्रत्येक देशासाठी किंमत फक्त सुचवते, शेवटचा आकडा प्रकाशक ठरवतो. त्यामुळे छोट्या स्टुडिओंचे गेम इथे खरोखर स्वस्त पडतात आणि बड्या प्रकाशकांचे नवे गेम घेताना हात आखडतो.

गॉगवरही काही गेमना आपल्यासाठी कमी भाव असतो, पण आकडा डॉलरमध्येच दिसतो. पूर्वी तिथे एक फार चांगली सोय होती. तुमच्या देशात गेम अमेरिकेपेक्षा महाग असेल, तर फरक तुमच्या वॉलेटमध्ये जमा व्हायचा. २०१९ च्या मार्चअखेर ती बंद झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

गॉगची खरी ताकद वेगळी आहे. डीआरएम, म्हणजे विकत घेतलेल्या गेमवर लावलेलं डिजिटल कुलूप, तिथे नाही. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की गेम आपला. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्या भागातलं ब्रॉडबँड हमखास जातं, तेव्हा याची किंमत कळते. स्टीमचा ऑफलाइन मोड आहे, पण माझ्या अनुभवात त्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

तरीही माझं पारडं झुकलं ते एका रिफंडमुळे. गॉगवर साधारण दहा डॉलरचा एक गेम घेतला. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये त्याच्या तीन ओळी आल्या: गेमची रक्कम, साडेतीन टक्के फॉरेन करन्सी मार्कअप (परकीय चलनातल्या खरेदीवरचं बँकेचं शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. चार टक्क्यांच्या वर गेले, तेही ठीक. गेम माझ्या मशीनवर नीट चालेना, म्हणून परत केला. गॉग तीस दिवसांपर्यंत परत घेतं आणि तक्रारीला जागा न ठेवता घेतलाही. पण बँकेने पैसे त्या दिवसाच्या दराने जमा केले आणि मार्कअप, जीएसटी ठेवून घेतलं. हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, नियमच तसा आहे. रक्कम किरकोळ होती, पण न खेळलेल्या गेमचे पैसे जावेत हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. स्टीमवर मुदत कमी, चौदा दिवस आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. पण यूपीआयने भरलेले रुपये माझ्या स्टीम वॉलेटमध्ये जेवढ्यास तेवढे आले.

मित्राने आणखी एक विचारलं, खात्याचा देश बदलून तिथल्या स्वस्त भावात घेता येईल का? त्या वाटेला जाऊ नये. स्टीमवर देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो आणि त्या देशातलं पेमेंट लागतं. ज्यांच्यासाठी लोक हे करत, त्या अर्जेंटिना आणि तुर्कस्तानच्या किमती २०२३ च्या नोव्हेंबरपासून डॉलरमध्येच गेल्या.

तुमचं मत वेगळं असू शकतं. जुने, पुन्हापुन्हा खेळायचे गेम जपून ठेवायचे असतील तर गॉग घ्याच, मीही सेलमध्ये घेतो. बाकी सगळं मी स्टीमवरच घेतो. गॉगवर जायचंच ठरलं, तर आधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बघा. २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात.