नोव्हेंबर ते जुलै: धुळ्यात पळताना काय कामी आलं, काय नाही

मागच्या नोव्हेंबरात मी पळायला लागले. वय 42, काम दिवसभर खुर्चीतलं आणि कॉलेज सुटल्यापासून मैदानाशी संबंध नाही. आता जुलै संपत आलाय. आठवड्यातून तीन दिवस, पांझराकाठच्या रस्त्यावर, बहुतेक वेळा शेजारच्या वहिनींसोबत पळते. या काळात घेतलेल्या काही वस्तू रोज लागतात, काही कपाटात पडून आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्या बायका भेटल्या की तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी बूट, कारण पैसे घालायचेच असतील तर तिथे घालावेत. पहिले तीन आठवडे घरातलेच जुने स्पोर्ट्स शूज वापरले. तळ पातळ आणि कडक होता. मग बाजारातल्या एका दुकानात भर दुपारी गेले आणि नेहमीचा 6 नंबर मागितला. "घट्टच असू द्या ताई, वापरून सैल होतात," असं दुकानदार म्हणाला. मी ऐकलं. दोन आठवड्यांत उजव्या अंगठ्याचं नख आधी जांभळं आणि मग काळं झालं. पळताना पाय प्रत्येक पावलाला बुटात पुढे सरकतो, शिवाय फुगतोही, त्यामुळे अंगठा सतत टोकावर आपटत राहतो. फेब्रुवारीत ते नख निघून आलं. नवं अजून अर्धंच आलंय. अंगठ्याचं नख पूर्ण वाढायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

जानेवारीत दुसरी जोडी घेतली ती संध्याकाळी जाऊन, कारण तेव्हा दिवसभर वापरलेला पाय थोडा मोठा असतो. पळतानाचेच मोजे घालून, उभं राहून, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का ते पाहिलं. 7 नंबर निघाला. किंमत 3,200 रुपये. घरी आल्यावर आईंना (सासूबाईंना) खरी किंमत सांगितली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, कारण माझं काळं नख त्यांनी पाहिलेलं होतं. टाच निसटू नये म्हणून लेस सगळ्यात वरच्या, घोट्याजवळच्या भोकातूनही ओवायची. ते भोक कशासाठी असतं हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

या जोडीवर 510 किलोमीटर झाले. मी शाळेच्या वहीत तारीख आणि अंतर लिहिते. पळण्याचे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतात असं मानतात. माझ्या बुटांची वरची बाजू अजून नवीसारखी आहे, पण टाचेची बाहेरची कड घासून गुळगुळीत झालीय आणि मधला फोम दाबला की त्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात. जूनपासून पळून आल्यावर गुडघे जड वाटायला लागले होते. कारण शोधत मी व्यायाम बदलत बसले, बूट उलटे करून बघायला फार उशीर केला.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला राहतो आणि तळव्याला फोड येतात. पॉलिस्टरचे घ्या, दोन जोड पुरतात. वरच्या कपड्यांचंही तेच. मी सुती कुर्त्यावर सुरुवात केली आणि चार किलोमीटरनंतर काखेजवळची कातडी सोलली गेली. आता चारशे रुपयांचा साधा ड्राय-फिट टी-शर्ट आहे आणि जिथे घासतं तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावते.

स्पोर्ट्स ब्राबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकांसाठी बुटांनंतरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आहे. पहिल्या महिन्यात मी खांदे आवळून, हात छातीशी धरून पळायचे आणि मान-पाठ दुखायची. मला वाटायचं वयामुळे होतंय. दुकानात घालून जागेवर उड्या मारून पाहा. खालचा पट्टा वर सरकला तर ती तुमच्या मापाची नाही. लाज वाटते म्हणून अंदाजाने घेऊन येऊ नका.

हातातलं घड्याळ मी घेतलं आणि तीन महिन्यांत काढून ठेवलं. दर मिनिटाला वेग दिसला की मन त्याच्याच मागे जातं. फोनमधलं मोफत अ‍ॅप अंतर मोजायला पुरतं. हेडफोन अजिबात नकोत. पहाटे अंधारात मागून येणारी गाडी आणि कुत्रं, दोन्ही ऐकू यायला हवीत. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं पळा. कुत्री अंगावर आली तर पळायचं थांबवून चालायला लागा. आमच्या रस्त्यावरची तरी चालणाऱ्या माणसाचा नाद सोडतात.

आता मनाचं. सुरुवातीचे काही दिवस मी मैदानावर जायचे. तिथे पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी असतात. त्यांना पाहून मी जीव खाऊन पळायचे, दोन मिनिटांत धापा टाकत खाली बसायचे आणि घरी जाताना वाटायचं, हे आपलं काम नाही. एक दिवस त्यातलीच एक मुलगी जवळ येऊन बसली. "काकू, आम्हाला 800 मीटरच पळायचं असतं. तुम्हाला अर्धा तास पळायचंय ना? मग आमच्यासारखं कशाला पळता?" त्या पोरीचं नावही मला माहीत नाही, पण मी आज पळतेय ते तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवसापासून एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, अशा आठ फेऱ्या. चालणं म्हणजे हार नव्हे, तो व्यायामाचाच भाग आहे. वेग किती ठेवायचा याची आमची खूण ठरली आहे. शेवभाजीचा मसाला कसा भाजायचा हे वहिनींना न थांबता सांगता आलं की वेग बरोबर. कांदा-खोबऱ्यावरच दम लागला तर हळू व्हायचं.

तरी जानेवारीत चूक झालीच. नवे बूट आले, थंडी छान होती, अंगात जोर वाटत होता. एका आठवड्यात अंतर दुप्पट केलं आणि नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागला. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मागे राहतात. दहा दिवस नुसतं चालले. त्या दहा दिवसांत सोडून द्यावंसं फार वाटलं. वहीत "चालले, 30 मिनिटं" असं लिहीत राहिले, तेवढ्यावर टिकले. मार्चमध्ये सलग पाच किलोमीटर झाले, 43 मिनिटांत.

आपल्याकडचा उन्हाळा पळणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. पारा 43-44 वर जातो आणि सकाळी सातलाच ऊन टोचायला लागतं. आम्ही पावणेपाचला निघायचो, अंतर कमी केलं आणि पुन्हा मध्ये चालणं आणलं. नव्या उष्णतेची शरीराला सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढे त्याला द्यावेत. निघण्याआधी अर्धं केळं खायचं. खान्देशात त्याची कमी नाही. आल्यावर ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर ते एक लिटरमध्येच घाला. वहिनी अर्धं पाकीट एका पेल्यात घालायच्या आणि मळमळायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चक्कर आली किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबून सावली गाठायची. घर जवळ आलंय म्हणून पळत राहायचं नाही.

एप्रिलमध्ये एकवीरा देवीच्या मंदिराजवळ एक आजीबाई रोज भेटायच्या. पहिल्या दिवशी अहिराणीत म्हणाल्या, "काबरं पळी ऱ्हायनी व माय?" तब्येतीसाठी, म्हटलं. मेमध्ये दोन दिवस गेले नाही तर त्यांनी वहिनींना विचारलं, "तुन्ही जोडीदारीण कथी?" मला ते ऐकून फार बरं वाटलं.

पावसात काळ्या मातीच्या वाटेवर जाऊ नका. बुटांना चिखलाचे थर बसतात, पाय उचलत नाही आणि घसरायला होतं. ओले बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे.

गेल्या आठवड्यात नवी जोडी आणली, पुन्हा 7 नंबर, पुन्हा संध्याकाळी जाऊन. जुनी आता बाजाराला जायला वापरते. वहीत नवं पान काढलंय, त्यावर आजपर्यंत 14 किलोमीटर लिहिलेत.