अण्णांचा दमा, बेळगावचा दवाखाना : ५ पैकी ४ तारे

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढलेला माणूस खोकला की सगळे म्हणणार, दमाच. आमच्या अण्णांचं तेच झालं. वर्षभर पंप ओढला, तरी छातीतली शिट्टी काही थांबेना. शेवटी बेळगावात हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. स्टेथोस्कोप लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "अण्णा, झोपताना उशा किती घेताय?" तीन. "रात्री दम कोंडून उठून बसताय?" रोज, दोनच्या सुमाराला. मग नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. इकोत हृदयाचं पंपिंग ३० टक्के निघालं, ५०च्या वर लागतं म्हणे. हृदय कमी पडलं की फुप्फुसात पाणी साठतं आणि अगदी दम्यासारखी शिट्टी वाजते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, तेही मराठीत. लघवी होण्याच्या गोळ्यांनी आठवड्यात चार किलो वजन उतरलं, सगळं पाणीच. आता अण्णा एका उशीवर घोरतात. झोप आमची गेलीय.

एक तारा कापला तो दहाचा नंबर दीडला लागला म्हणून. फॉर्मही सगळे कन्नड-इंग्रजीत. लांबून येणार असाल तर पहिली बस धरा, डबा सोबत ठेवा.