लघवीच्या तक्रारीसाठी गेले आणि त्यांनी आधी झोप विचारली (पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी, १२ आठवडे)

हा रिव्ह्यू लांब होणारे, आणि विषय असा आहे की आपण बायका एकमेकींनाही सांगत नाही, त्यामुळे ऑकवर्ड वाटत असेल तर स्क्रोल करा.

दोन वर्षं माझं असं चालू होतं की घाई लागली की लागलीच, कुलपात किल्ली घालेपर्यंत कपडे ओले. खोकताना थोडी गळायची ते वेगळंच. मग कुठेही गेलं की पहिलं टॉयलेट कुठंय बघायचं, कडेची खुर्ची पकडायची, कपडे गडद रंगाचेच, पाणी जवळपास बंद. रात्री चारदा उठणं. हळूहळू बाहेर जाणंच सोडलं, घरात सगळ्यांवर चिडचिड, आणि बाथरूममध्ये बसून रडायचं. मला वाटायचं लघवी आणि ही उदासी हे दोन वेगवेगळे त्रास आहेत. आधीच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, "टेन्शन घेऊ नका" म्हणाले, विषय संपला. गोळीने घाई थोडी कमी झाली पण तोंड कोरडं पडायला लागलं आणि पोट साफ होईना, आणि बद्धकोष्ठ झालं की मूत्राशयावर दाब येतो, म्हणजे फिरून परत तिथेच.

या पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे, लघवी धरून ठेवणारे स्नायू) फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीत चांगला तासभर दिला. इन्फेक्शन नाही ना हे बघायला लघवीची तपासणी आधीच करून आणायला सांगितली होती. फॉर्मसोबत पीएचक्यू-९ नावाचा नऊ प्रश्नांचा कागद होता, गेल्या दोन आठवड्यांत उदास किती दिवस वाटलं, झोप कशी लागते वगैरे. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा कागद चुकून आला. माझे २७ पैकी १४ आले, म्हणजे मध्यम डिप्रेशन. मी तोपर्यंत त्याला नुसता थकवा म्हणत होते!

फिजिओ मॅडमनी मग नीट समजावलं. मूत्राशय भरत आलं की निरोप मेंदूकडे जातो आणि "आत्ता नको" हे मेंदूच ठरवतो, पण रात्रभर झोप नाही आणि डोक्यात सतत "आता गळेल का" हेच, तर थोडं भरलं तरी मोठा अलार्म वाजतो. आणि अलार्म वाजला की माणूस अजून घाबरतो. दोन्हीकडून चालतं हे. मूड आणि मूत्राशय दोन्हीच्या कारभारात सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन असतं, म्हणून ड्युलोक्सेटीन हे डिप्रेशनचं औषध काही देशांत खोकताना गळणाऱ्या लघवीसाठीही देतात. (त्या प्रकाराला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात, पण तिथला स्ट्रेस म्हणजे पोटाचा दाब, टेन्शन नाही. मी उगाच दोन वर्षं स्वतःला दोष देत बसले.)

तीन दिवसांची लघवीची डायरी लिहायला लावली, मापाच्या भांड्यासकट. दिवसाला १६ वेळा जात होते, आणि प्रत्येक वेळी जेमतेम १०० मिली! मोठ्या माणसाचं मूत्राशय ४०० मिलीच्या आसपास आरामात धरतं. म्हणजे "निघायच्या आधी एकदा जाऊन येते" करत करत मीच त्याला थोडक्यात रिकामं व्हायची सवय लावली होती, आणि पाणी कमी केल्याने लघवी घट्ट होऊन जास्तच टोचत होती.

सगळ्यात मोठा धक्का म्हणजे मी व्हिडिओ बघून जोरात कीगल (हेच तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करत होते ते चुकीचं निघालं. त्यांनी विचारून, परवानगी घेऊन तपासलं तर स्नायू सैल नव्हतेच, उलट आखडलेले, काळजीत आपण दात आवळतो ना तसे. पहिले तीन आठवडे फक्त पोटाने श्वास घेऊन ते सोडायला शिकवलं, मग ८ वेळा आवळणं-सोडणं, दिवसातून तीनदा. घाई आली की पळायचं नाही, जागीच थांबून पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, लाट ओसरली की मग शांतपणे चालत जायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा फजिती झाली, खोटं कशाला बोलू.

आता दिवसाला आठ-नऊ वेळा, रात्री एकदा, आणि त्या पीएचक्यू-९ च्या कागदावर १४ चे ७. खोकताना अजून थोडं होतं. आधी झोप सुधारली का लघवी, ते मलाही सांगता येणार नाही.

एक स्टार कापलाय तो उगाच नाही. रिसेप्शनवर "लघवीच्या पेशंट कोण?" असं सगळ्यांसमोर ओरडून विचारतात, अहो इथे येणारी बाई आधीच किती धीर करून आलेली असते! समुपदेशक त्यांच्याकडे नाही, बाहेर पाठवतात, मला पाच आठवडे थांबावं लागलं, जे एवढं सगळं विचारल्यावर पटत नाही. आणि टॉयलेट पार कॉरिडॉरच्या टोकाला, तेही एकच, ब्लॅडरच्या क्लिनिकमध्ये!!

चार स्टार. जाणार असाल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या, तेव्हा वेटिंग रूम रिकामी असते.