पत्रकं चोख, साचा कुचकामी: फ्रेंच राज्यक्रांतीचा साधनसंच

नववीच्या वर्गासाठी काढलेल्या या संचात बारा मराठी पत्रकं, एक कालपट्टी आणि निबंधाचा साचा आहे. किंमत ३५० रुपये. नेट लागत नाही, फळा आणि बसकरपट्टी असली की भागतं. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या शाळांसाठी ही लहान गोष्ट नाही. पत्रकं घ्यावीत, साचा कपाटातच राहू द्यावा.

सगळ्यात कामाचं सहावं पत्रक. १७८९ चं व्यंगचित्र: म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवर धर्मगुरू आणि सरदार. मुलं लगेच लिहितात, ‘यावरून शेतकऱ्यांवर अन्याय होत होता असे दिसते.’ एवढं तर चित्र न बघताही लिहिता येतं. त्यांना खालचा कोपरा बघायला लावा. ससे कोबी कुरतडताहेत, पाखरं दाणे टिपताहेत. शिकारीचा हक्क सरदाराचा, त्यामुळे पीक खाणारा ससाही शेतकऱ्याला मारता येत नसे. रोही आणि रानडुकरांपायी वावरात जागलीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना याहून जास्त काय सांगायचं? मग शेजारी नववं पत्रक ठेवा: ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, त्यानंतर निघालेला हुकूम. त्यात सरदारांचे कबुतरखाने आणि शिकारीचे खास हक्क रद्द झाल्याचं लिहिलंय. चित्रात तक्रार, हुकमात तिची दखल. अशी दोन साधनं एकमेकांना टेकली की परिच्छेद उभा राहतो.

तिसरं पत्रक तक्रारवह्यांचं, तेही उत्तम. १७८९ च्या वसंतात गावोगावी तक्रारी नोंदवल्या गेल्या, पण कित्येक ठिकाणी लेखणी वकिलाच्या किंवा गावातल्या शिकलेल्या माणसाच्या हातात होती, आणि तयार नमुनेही फिरत होते. तहसीलीसमोर अर्ज लिहून देणारा आठवला की ‘हे शब्द नेमके कोणाचे?’ हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

पाचव्या पत्रकात मात्र संच घसरला आहे. १४ जुलै १७८९ ला, म्हणजे लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग घेतला त्याच दिवशी, सोळाव्या लुईने रोजनिशीत ‘काही नाही’ लिहिलं, म्हणजे राजा बेफिकीर होता, अशी टीप खाली छापली आहे. ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. ‘काही नाही’ म्हणजे त्या दिवशी शिकार नाही. टीप कागदाने झाकून पत्रक वाटा आणि अर्थ मुलांनाच लावू द्या. मग टीप उघडा. छापलेलंही तपासावं लागतं, हे त्या एका तासात कळतं.

आठव्यात पावाचा भाव आहे: चार पौंडांचा पाव साडेचौदा सू (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं), मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. मुलं सूचे रुपये करायला धावतात, त्यांना थांबवा. मजुरीतला किती वाटा एका पावात गेला, एवढंच काढायचं.

आता साचा. प्रस्तावना, कारणे, परिणाम, समारोप, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली ‘येथे पुरावा लिहा’ अशी चौकट. मत आधी ठरतं आणि पुरावा नंतर शिक्क्यासारखा उमटतो. त्यात प्रश्न ‘क्रांतीची कारणे लिहा’, म्हणजे गाईडमधली यादी आलीच. त्याऐवजी फळ्यावर लिहा: जुलै १७८९ मध्ये पॅरिसचे लोक रस्त्यावर आले ते पावाच्या भावामुळे की ११ जुलैला राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकरला काढल्यामुळे? पहिल्या तासिकेत पाच-पाचांच्या गटाने दोन पत्रकं वाचायची आणि प्रत्येकाबद्दल कोणी, कधी, कोणासाठी एवढं वहीत उतरवायचं. दुसऱ्या तासिकेत दोन्ही बाजूंचे ढीग करायचे. तिसरीत एकच परिच्छेद: एक वाक्य दावा, दोन पुरावे, मग ‘म्हणून काय?’चं उत्तर. हे शेवटचं वाक्य नव्वद टक्के मुलं गाळतात म्हटलं तरी चालेल, म्हणून तपासताना आधी तेच शोधा. चौथीत विरुद्ध ढिगातला सगळ्यात जड पुरावा घेऊन त्याला उत्तर द्यायचं.

चाळीसच्या वर्गाला दोन संच पुरतात. बाकीच्या प्रती झेरॉक्स काढल्या तरी चालतील, फक्त सहाव्या पत्रकाची नको: शाई धरते आणि ससे काळ्या डागात गडप होतात. तेवढं एक रंगीत छापून घ्या, मोठ्या आकारात.