'रेबेका' : आठ महिने घरात फिरलेलं पुस्तक

डाफ्ने द्यू मोरिए यांची 'रेबेका' (1938) मी दिवाळीच्या आधी मागवली. आठ महिन्यांत मी ती दोनदा वाचली, सासूबाईंना एकदा पूर्ण वाचून दाखवली, भिशीतल्या तिघींकडे ती जाऊन आली. पुढे शेवटही सांगितलाय, तेव्हा वाचायची असेल तर इथेच थांबा.

प्रतीचं आधी सांगते. स्वस्तातली घेतली, तिथे चुकलं. अक्षर बारीक, आणि तिसऱ्या महिन्यात मधली पानं सुटून आली. विकणाऱ्याने बदलून दिली नाही. शेवटी गोधडीच्या सुईने मीच ती शिवली. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, मोठ्या टायपाची घ्या.

सगळ्यांची पहिली तक्रार एकच, की यात काही घडतच नाही. आमच्या रामबागेतले शेजारचे काका रहस्यकथांचे जुने वाचक. त्यांना पहिल्या प्रकरणात प्रेत लागतं. शंभर पानांवर त्यांनी पुस्तक परत आणून दिलं. मला उलट तीच पानं सगळ्यात जास्त धरून ठेवतात. गोष्ट सांगणारी नवी नवरी मँडर्लेच्या वाड्यात येते आणि हात लावीन तिथे पहिलीची, म्हणजे वारलेल्या रेबेकाची खूण. रुमालावर, वहीत, सगळीकडे तो उंच, तिरका 'आर'. घरातला फोन वाजतो, मिसेस द विंटर हव्यात म्हणून. ही घाबरून सांगते, त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. आणि मिसेस द विंटर तर आता हीच!

हे मी दुपारी आईंना मराठी करून सांगत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायची बंदी होती. त्या म्हणाल्या, "थांब जरा." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्यांचं नवं नाव लिहिलं होतं. "सासरी कुणी हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावताहेत म्हणून," म्हणाल्या. पन्नास वर्षांत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. या निवेदिकेचं नाव कादंबरीत शेवटपर्यंत येत नाही. भिशीत कुणी त्याला लेखिकेची चलाखी म्हणालं, पण आईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

माझी भाची कायदा शिकतेय. तिला ही बाई अगदी मुळमुळीत वाटली. खरं भांडण झालं ते कबुलीवरून. नवरा, मॅक्झिम, सांगतो, रेबेकाला मीच गोळी घातली आणि बोट बुडवली. त्यावर बायकोच्या डोक्यात खून शिरतच नाही, त्याचं रेबेकावर कधी प्रेम नव्हतं एवढंच शिरतं. भाचीने पुस्तक आपटलं. "ती वाईट होती हे कोण सांगतंय? मारणाराच ना?" पहिल्या वाचनात मी मात्र तो सुटावा म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. दुसऱ्यांदा वाचताना भाचीचं म्हणणं पटलं, आणि तरीही चौकशीच्या प्रकरणात छाती धडधडलीच. माझ्या मते या कादंबरीची ताकद इथेच आहे. खून कुणी केला हे कळल्यावर रहस्य संपायला हवं, पण इथे त्यानंतर आपण खुन्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो.

हिचकॉकच्या 1940 च्या चित्रपटात हे उरलं नाही. तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांप्रमाणे खुनी नवरा मोकळा सुटू शकत नव्हता, म्हणून तिथे रेबेका पडून डोक्याला मार लागून मरते. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण भाचीचा प्रश्नच त्यातून निघून गेला. आपल्याकडे हेमंतकुमारांनी 'कोहरा' (1964) काढला तो याच कथेवर. त्यातल्या दाई माँ म्हणजे ललिता पवार. आईंना त्या लख्ख आठवतात. पुस्तकात वाड्याची कारभारीण डॅन्व्हर्स आली की आई म्हणायच्या, "ललिताबाई आल्या बघ." रेबेकावर जीव टाकणारी तेवढी एकच होती, असं त्यांचं ठाम मत आहे.

शेवट मला घाईचा वाटला. लंडनचा डॉक्टर रेबेकाच्या कॅन्सरचं सांगतो आणि सगळं मॅक्झिमच्या सोयीचं होऊन बसतं. एवढी एकच खरी तक्रार.

सध्या प्रत लोकमान्य नगरच्या वहिनींकडे आहे. काल त्यांचा फोन आला, फोनच्या प्रसंगापर्यंत आल्यात. आईंनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि अर्धा तास दिला नाही.