सबवूफरचं सस्पेन्शन मऊ की कडक, आणि पेटी सील्ड की पोर्टवाली

दहा इंची की बारा इंची, आरएमएस वॅट किती, अँप कुठला, हे सगळं तुमचं बघून झालं असेलच, त्यात शिरत नाही. ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचा नुसता स्पीकर, जवळपास ठरलाय आणि पेटी सील्ड (पूर्ण बंद) करावी की पोर्टवाली (हवा आतबाहेर जायला नळी ठेवलेली) इथे गाडी अडलीय, अशांसाठी लिहितोय. मी दोन्ही पेट्या घरात वापरल्यात, एकाच हॉलमध्ये, त्यामुळे मोजमापापेक्षा कानाचं आणि डोळ्याचं जास्त सांगणार. डोळ्याचं का ते पुढे कळेलच.

पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर कुणीतरी कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, अंगठा दाबून दाखवतं, कडक लागला तर पोर्ट ठोका, मऊ लागला तर सील. नेटवर दुसरा नियम सापडतो, ईबीपीचा, म्हणजे एफएस (ड्रायव्हर पेटीबाहेर स्वतःहून ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो ती) भागिले क्यूईएस (मॅग्नेट-कॉइल ते घुमणं किती आवरतात त्याचा आकडा, लहान म्हणजे आवर जास्त), ५० च्या खाली आलं तर सील्ड आणि १०० च्या वर गेलं तर पोर्टेड. कामचलाऊ म्हणून ठीक आहे, पण गंमत अशी की सस्पेन्शन, म्हणजे कोनला जागेवर धरणारी मागची चकती (स्पायडर) आणि काठाचं रबर, कडक केलं की एफएस वाढतो आणि त्याच पटीत क्यूईएसपण वाढतो, त्यामुळे भागाकार आहे तिथेच राहतो. म्हणजे ईबीपी तुम्हाला मॅग्नेट-कॉइलची ताकद आणि कोनचं वजन यांचा हिशोब सांगतो, स्पायडर आणि रबराबद्दल एक अक्षर बोलत नाही. सस्पेन्शनचा अंदाज घ्यायचा तर व्हीएएस बघा, म्हणजे किती लिटर हवा त्या सस्पेन्शनइतकीच लवचीक असते तो आकडा, एकाच साइझच्या दोन ड्रायव्हरांत ज्याचा व्हीएएस मोठा त्याचं सस्पेन्शन मऊ.

आता सील्ड पेटीत काय होतं, तर आत कोंडलेली हवा हीच दुसरी स्प्रिंग होते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली ती याच कल्पनेवर, सस्पेन्शन मुद्दाम ढिलं ठेवायचं आणि कोन सावरायचं काम हवेवर सोपवायचं, कारण रबर-कापडापेक्षा हवेची स्प्रिंग जास्त एकसारखी वागते. आकड्यांत बघायचं तर एफएस ३०, क्यूटीएस (ड्रायव्हरचं घुमणं एकूण किती आवरलं जातं तो आकडा, मोठा म्हणजे घुमणं जास्त) ०.४५, व्हीएएस ६० लिटर असा ड्रायव्हर ३० लिटरच्या बंद पेटीत टाका, सिस्टिम बसते ५२ हर्ट्झवर आणि क्यूटीसी, म्हणजे पेटीसकट तोच आकडा, येतो ०.७८. समजा वापरून वापरून स्पायडर आणखी २० टक्के मऊ पडला, तर नुसत्या ड्रायव्हरचा एफएस २७ च्या आसपास उतरतो, पण पेटीतला आकडा ५२ वरून साडेपन्नासवर, बस, एवढाच फरक, कानाला कळायचाही नाही. मला सील्डचं हे फार आवडतं, ड्रायव्हर म्हातारा झाला तरी पेटी त्याला सांभाळून घेते.

पोर्टेडची बाजूपण खरी आहे, नाही म्हणत नाही. ट्यूनिंगच्या, म्हणजे पेटी आणि पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला बांधलेत तिच्या, आसपास कोन जवळपास जागच्या जागी राहतो आणि आवाज पोर्ट काढतो, म्हणून त्याच अँपवर जास्त बास मिळतो आणि तो खालपर्यंत भरदार लागतो, सिनेमा बघताना तर फरक लगेच जाणवतो. पण ट्यूनिंगच्या खाली गेलात की पेटीची हवा पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी, पोर्टमधून आतबाहेर होत राहते आणि कोनला धरायला उरतो फक्त स्पायडर आणि रबर. सस्पेन्शन मऊ असेल तर ते तरी किती धरणार.

माझं इथेच फिसकटलं. घरात वडिलांच्या एलपी आहेत, बहुतेक नाट्यसंगीत आणि भावगीतं, आणि माळ्यावर वर्षानुवर्षं एकावर एक पडून राहिल्यामुळे निम्म्याहून जास्त थोड्या वाकलेल्या. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते म्हणजे तो वाक सेकंदाला अर्ध्याहून किंचित जास्त वेळा सुईखालून जातो, शिवाय टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला तुकडा) यांचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे आपोआप थरथरणं, साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. हे काहीच ऐकू येत नाही हो! पण जाळी काढून बघितलं तर गाण्यात बास नावाला नाही, आवाज शेजारच्यांना ऐकू जाणार नाही इतका हळू, आणि कोन मात्र आतबाहेर डोलतोय, आणि एकदा ते दिसलं की गाण्यात लक्षच लागत नाही. त्यात तबला आला की डग्गा घशात अडकल्यासारखा वाजायचा, कारण कॉइल आधीच मधल्या जागेवरून हललेली.

सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणारं खालचं कापणारा, लाव की, असं म्हणाल. बरोबरच आहे, फोनो प्रीअँपमध्ये (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात) असा फिल्टर, ज्याला रंबल फिल्टरही म्हणतात, असेल तर बराचसा त्रास जातो, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी माझं एवढं मनावर घेऊ नका. पण माझ्या अँपमध्ये तो नव्हता, आणि एका बटणावर सगळी भिस्त ठेवायची तर घरात कुणीही कधीही तबकडीवर सुई ठेवतं. सील्ड पेटीत तोच ड्रायव्हर घातला, तीच वाकडी तबकडी, कोन हलतो पण थोडासाच, कारण मागे हवा दाबून धरायला आहे.

मग कडक सस्पेन्शनचा ड्रायव्हर घेऊन पोर्ट का नको? चालतं की, डोलणं कमी होतं. पण मॅग्नेट तेवढंच ठेवून नुसतं सस्पेन्शन कडक असेल तर क्यूटीएस चढतो आणि पोर्टेड पेटी एकाच सुरावर घुमायला लागते, तेव्हा कडक सस्पेन्शनसोबत तगडं मॅग्नेटही लागतं. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीत जे १८ इंची लागतात, ते घड्या घातलेल्या कापडी काठाचे, ते असेच असतात, आणि तिथे क्रॉसओव्हरमध्ये (कुठल्या स्पीकरला कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची ते वाटणाऱ्या भागात) खालचं कापलेलंच असतं. मोठा हॉल, सिनेमे, पार्ट्या हेच तुमचं काम असेल तर तसा ड्रायव्हर बघा आणि खुशाल पोर्ट करा, मी अडवणार नाही.

फ्लॅटमधली बारा बाय पंधराची खोली, गाणी जास्त, सिनेमे कमी, ड्रायव्हर मऊ सस्पेन्शनचा, असं असेल तर मला तरी सील्डच बरी वाटते, खोली लहान असली की खालच्या बासला ती स्वतःच थोडा हातभार लावते. एमडीएफ पावसाळ्यात फुगतं, त्यापेक्षा सुताराला १८ एमएम वॉटरप्रूफ प्लाय सांगा, आणि आतल्या सगळ्या सांध्यांना सिलंट, टर्मिनलच्या मागेसुद्धा. पेटी तयार झाली की कोन बोटांनी चारी बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबून थोडा वेळ धरा आणि सोडा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे, टपकन आला तर कुठेतरी फट आहे. कडक सस्पेन्शन असेल तर मात्र ही परीक्षा धरू नका, ते पेटी गळकी असो नसो टपकनच येतं.