दहा वर्षं पुरी करायची, की सरळसेवेत शून्यापासून सुरुवात? एनएचएमच्या स्टाफ नर्ससाठी

एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटावर सात-आठ वर्षं झालेली आहेत, घरापासून अर्ध्या तासावर नेमणूक आहे, आणि अशात सरळसेवेच्या, म्हणजे परीक्षेतून होणाऱ्या कायम भरतीच्या, निवड यादीत नाव लागतं, तेही दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. पूर्वी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, कायम नोकरी मिळाली की लोक निघत. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना समकक्ष रिक्त पदांवर घेण्याची वाट उघडली: ७० टक्के पदं सरळसेवेनं, ३० टक्के समायोजनानं. तेव्हापासून "अजून तीनच वर्षं तर राहिलीत" हे वाक्य प्रत्येक ड्युटी रूममध्ये ऐकू येतं. मी ही निवड केली ती सरळसेवेची. तरी दुसरी बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही, प्रत्येकीच्या घरची परिस्थिती वेगळी असते.

पगाराचा हिशेब आधी उरकून टाकू. अलीकडच्या जाहिरातींत कंत्राटी स्टाफ नर्सचं मानधन २०,००० दिसतं. दरवर्षी न चुकता ५ टक्के वाढ मिळत गेली असं धरलं, तर सात वर्षांनी ते २८,१४२ होतं आणि दहा वर्षांनी ३२,५७८. नियमित परिचारिकेची वेतनश्रेणी एस-१३, म्हणजे पहिल्याच महिन्याचं मूळ वेतन ३५,४००; महागाई भत्ता आणि घरभाडं त्यावर वेगळं. कंत्राटीत लॉयल्टी बोनस मिळतो, पण तो धरूनही दहा वर्षांची अनुभवी नर्स भत्त्यांसकट नवख्या नियमित नर्सच्या मागेच राहते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही मुली थांबतात, कारण घर, सासू-सासरे, मुलांची शाळा यांचा हिशेब पगारपत्रकात मांडता येत नाही.

माझा कौल ठरला तो वेगळ्याच गोष्टीवर, दरवर्षीच्या पुनर्नियुक्ती आदेशावर.

करार असतो ११ महिने २९ दिवसांचा. १ जुलैला रुजू झालात तर तो २९ जूनला संपतो. ३० जूनचा तांत्रिक खंड, आणि १ जुलैपासून नवा आदेश. कागदावर एवढं सरळ आहे. प्रत्यक्षात मूल्यमापन अहवाल तालुक्याहून जिल्ह्याला जाणार, पीआयपीमध्ये (अभियानाच्या मंजूर कृती आराखड्यात) पद मंजूर आहे का ते बघितलं जाणार, मग सही. त्यामुळे आदेश हातात पडतो महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर तुम्ही रोज ड्युटी केलेली असते, रात्रपाळ्या झालेल्या असतात. आता रुजू अहवालावर तारीख कुठली घालायची? आदेशात "१ जुलैपासून" असं स्पष्ट असेल तर प्रश्न नाही. ते नसेल आणि कारकुनानं आदेशाचीच तारीख घातली, तर एका दिवसाचा खंड कागदावर वीस दिवसांचा होतो. त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मानधन पूर्ण निघालेलं असतं. लक्षात येतं ते सेवेचा तक्ता भरताना.

दहा वर्षं म्हणजे असे दहा आदेश, आणि दोन आदेशांमधला प्रत्येक सांधा गळू शकतो. एका आदेशात पदनाम "स्टाफ नर्स", दुसऱ्यात "अधिपरिचारिका", तिसऱ्यात "स्टाफ नर्स (एसएनसीयू)", म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातली. मध्ये ग्रामीणचं पद सोडून शहरी अभियानात मुलाखत देऊन गेला असाल, तर ती बदली नव्हे, नवी नियुक्ती. जिल्हा बदलला असेल तर जुन्या जिल्ह्याचं अनुभव प्रमाणपत्र हवं, आणि ते देणारी आस्थापना शाखा तुमची फाईल शोधणार. नियमित सेवेत हे सगळं एका सेवापुस्तकात असतं. रजा, वेतनवाढ, बदली, प्रशिक्षण, प्रत्येक नोंद सहीशिक्क्यानिशी. कंत्राटीत सेवापुस्तक तुमचं तुम्हीच, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. सेवेची लांबी हाच ज्या संधीचा एकमेव आधार, ती लांबी सिद्ध करण्याचं ओझं कर्मचाऱ्यावर टाकलेलं आहे. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

त्यात आदेशाची ठरावीक ओळ: "सदर नियुक्ती निव्वळ कंत्राटी असून नियमित सेवेचा कोणताही हक्क राहणार नाही." दरवर्षी त्याखाली सही. कोर्टाची वाट आहे, पण लांबची. २००६ च्या उमादेवी निकालानं नुसत्या कंत्राटी सेवेवरून कायम होण्याचा हक्क मिळत नाही असं ठरवलं. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला खरा, पण तो आपल्याला लागू करून घ्यायला पुन्हा वकील आला.

आता तीच दहा वर्षं दुसऱ्या बाजूनं बघा. नियमित सेवेत १०-२०-३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना आहे. आज रुजू झालात तर दहाव्या वर्षी, पदोन्नती मिळाली नसेल तरी, वेतनाचा पुढचा स्तर मिळतो. अर्जित रजा वर्षाला ३०, १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ अशी आपोआप जमा होते. निवृत्तिवेतन खात्यात तुमचे १० टक्के जातात आणि शासनाचे १४. म्हणजे नियमितमधलं प्रत्येक वर्ष सरतानाच काहीतरी जमा करून जातं. कंत्राटीतली नऊ वर्षं मात्र दहावं पुरं होईपर्यंत अधांतरी, आणि ते पुरं झाल्यावरही समकक्ष पद रिक्त असायला हवं, ते ३० टक्क्यांत बसायला हवं, यादीत तुमचा क्रमांक यायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये याच निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं.

सरळसेवेचे काच आहेतच. मुख्यालयी राहावं लागतं, निवासस्थान नीट असेलच असं नाही. जात वैधता आणि एमएस-सीआयटीची पूर्तता मुदतीत करावी लागते. जिल्हा परिषदेत असाल आणि पुढे आंतरजिल्हा बदलीनं गावी परतलात, तर ज्येष्ठता नव्या जिल्ह्यात तळापासून सुरू होते. पहिली दोन-तीन वर्षं अंगावर येतात, खासकरून लहान मूल असेल तर.

आणि एक नुकसान कुठल्याच तक्त्यात येत नाही. एका ठिकाणी सात वर्षं काढलेल्या बाईला माहीत असतं की दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुठली घरं जातात, त्यात सातव्या महिन्याची गरोदर कोण, कुठल्या बाळाचा पेंटा लसीचा तिसरा डोस राहिलाय. आरसीएच (माता-बाल आरोग्य) नोंदवहीत नाव असतं, पण ती गरोदर बाई मुकादमाकडून कुठल्या कारखान्यावर गेली आणि परत कधी येणार, हे नर्सच्या डोक्यात असतं. तुम्ही निघालात की ते तुमच्याबरोबर जातं. म्हणून सोडण्याआधी आठवडाभर बसून हे सगळं आशाताईंना आणि नव्या सिस्टरला लिहून द्या.

थांबावं कोणी? ज्यांची साडेनऊ वर्षं झाली आहेत, सगळे आदेश सलग आहेत आणि जिल्ह्यात आपल्या संवर्गाची पदं रिक्त आहेत त्यांनी. वयोमर्यादा ओलांडलेल्यांनी, म्हणजे खुल्या गटात ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. सवलत असल्यास ती जाहिरातीतच बघावी. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं गणित निराळं आहे, ठरावीक मानधनावर कामावर आधारित वेगळी रक्कम मिळते, त्यामुळे त्यांनी वरचा हिशेब तसाच लावू नये. सहा-सात वर्षं झालेल्या स्टाफ नर्सनं मात्र, निवड यादीत नाव असेल तर, शक्यतो जावं असं मला वाटतं.

काहीही ठरवा, फोल्डर आजच लावा. दरवर्षीचा आदेश, त्यामागे त्याच वर्षीचा रुजू अहवाल आवक शिक्क्यासह, मूल्यमापनाची प्रत, मानधन जमा झाल्याचं बँकेचं पान. रुजू तारखेत तफावत दिसली तर त्याच महिन्यात लेखी अर्ज करून शुद्धिपत्रक मागा. सही करणारा अधिकारी बदलून गेला की ते निघणं कठीण. सोडणार असाल तर करारातली नोटिशीची अट वाचून राजीनामा द्या, आणि कार्यमुक्ती आदेश व पूर्ण कालावधीचं अनुभव प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय जिल्हा सोडू नका. प्रमाणपत्रावर "आजतागायत" असं न लिहिता दोन्ही तारखा घालून घ्या.